नळीचं दुसरं टोक

रविवारी सकाळी अकराला त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खाली फर्निचरचं दुकान, वर हा हॉल. एरवी तिथे वाढदिवस आणि विमा एजंटांच्या बैठका व्हायच्या. गेले चार महिने मात्र दर रविवारी तिथे खुर्च्या मांडल्या जात त्या थेट विमानातल्यासारख्या: तीन इकडे, तीन तिकडे, मधून एक अरुंद वाट. तिसऱ्या रांगेतली वाटेकडची खुर्ची रिकामी, तिच्यावर निळं कापड. श्वासबाबा 'त्या दिवशी' विमानात त्याच जागी बसले होते, म्हणून तिथे आता कुणी बसायचं नाही. खुद्द बाबांना मंचावर चांगला गुबगुबीत सोफा होता, तेव्हा त्यांची काही गैरसोय होत नव्हती.

सोफ्याच्या वर, मागच्या पडद्यावरून पुढे आलेल्या एका दांडीला एक मास्क टांगलेला होता. पिवळा, वाटीएवढा. त्याला खाली पातळ प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून निघालेली नळी दांडीवरून मागे गेलेली. तीनशे माणसं माना वर करून त्याच्याकडे बघत होती. बाबांनी डोळे मिटले, तळहात वर केले आणि सांगितलं, श्वास घ्या, जोरजोरात घ्या, तुमचा नको, माझा घ्या. सगळा हॉल फुसफुसायला लागला. अर्ध्या-एक मिनिटात कुणाच्या बोटांना मुंग्या आल्या, कुणाचं डोकं हलकं झालं, एक बाई तर रडायलाच लागल्या. आणि मग ती मरगळलेली पिशवी हळूहळू भरत गेली आणि टम्म फुगली. कुणाचाही हात लागलेला नव्हता. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, बाबांनी डोळे उघडले आणि थकल्यासारखे हसले.

शेवटच्या रांगेमागे दाराला टेकून एक बाई उभी होती, खांद्याला छोटं ऑक्सिजनचं सिलिंडर लटकवून. तिला ना हसू आलं ना रडू. तिनं अकरा वर्षं, दिवसातून चार-चार वेळा, विमानाच्या वाटेत उभं राहून एक वाक्य म्हटलं होतं: 'पिशवी फुगली नाही तरी प्राणवायू येत असतो.' विमानातली ती पिशवी अशी टम्म फुगत नाही. इथली फुगत होती, म्हणजे कुणीतरी ती फुगवत होतं. एवढं तिला दारातूनच कळलं. पण तिला पिशवीशी कर्तव्य नव्हतं. पहिल्या रांगेत तिची आई बसली होती, नाकात नळी नसलेली, आणि आज सगळ्यांसमोर आपलं श्वासाचं यंत्र कायमचं सोडून देणार होती. बाबांनी त्याला नावही देऊन ठेवलं होतं, नळीमुक्ती.

ही बाई म्हणजे त्याच विमानातली हवाईसुंदरी. एकेचाळिसाव्या वर्षी हा शब्द ऐकला की तिला स्वतःचीच गंमत वाटायची. इमारतीत तिला सगळे विमानवाली म्हणत, आणि आई म्हणे ठमी. लहानपणी ती गोल-गरगरीत होती आणि कुठलीही गोष्ट दोनदा विचारल्याशिवाय ऐकायची नाही, त्यावरून पडलेलं नाव.

चार महिन्यांपूर्वी काय झालं ते आधी सांगायला हवं, कारण बाबांनी त्याचं पार भजं करून टाकलं होतं. विमान साडेदहा किलोमीटर उंचीवर होतं. तिथली हवा इतकी विरळ की माणसाला पुरत नाही, म्हणून विमानात हवा दाबून भरलेली असते. ती कोंडून ठेवणारी एक झडप त्या दिवशी निकामी झाली. मोठा आवाज झाला, हवा भसकन निघून गेली, आत पांढरं धुकं दाटलं आणि वरची झाकणं उघडून मास्क खाली लोंबायला लागले. मग विमानानं नाक खाली घातलं.

बाबांच्या कथेत धुकं हा दिव्य मेघ होता. खरं म्हणजे हवा एकदम पसरली की गार पडते, आणि तिच्यातल्या वाफेचं धुकं होतं. बाबांना धूप जळल्याचा वास आला होता. तो वास डोक्यावरच्या डब्यांचा. मास्क खाली ओढला की त्या डब्यांत रसायनं पेटून ऑक्सिजन तयार होतो, डबा तापतो आणि त्याच्यावरची धूळ करपते. आणि विमान म्हणे कोसळत होतं, ते बाबांनी तळहातावर झेलून अलगद खाली आणलं. ते कॅप्टननं आणलं होतं, मुद्दाम, शिकवल्याप्रमाणे, जिथे माणसाला मास्कशिवाय श्वास घेता येतो तिथपर्यंत. पण कॅप्टन रविवारी हॉल घेऊन बसत नाही.

अशा उंचीवर हवा गेली की माणूस शुद्धीवर असतो अर्धा मिनिट, फार तर एक मिनिट. म्हणून नियम एकच: आधी स्वतःचा मास्क, मग दुसऱ्याचा. विमानवाली त्या वेळी कप गोळा करत तिसऱ्या रांगेपाशी पोचली होती. वाटेकडच्या जागेवर एक गृहस्थ ओठ निळे पडलेले, मास्क नाकापुढे डुलतोय, आणि ते लहान मुलासारखे हसत म्हणत होते, "किती छान आहे सगळं." मेंदूला हवा कमी पडली की असंच छान वाटतं; त्यात माणूस मरतो. तिनं हात पुढे केला, आणि अकरा वर्षं सांगत आलेला नियम अकरा वर्षांत पहिल्यांदाच मोडला. त्यांचा मास्क ओढून त्यांच्या तोंडाला लावला. पुढचं तिला आठवत नाही. शुद्धीवर आली तेव्हा ती खाली पडलेली होती, तोंडावर मास्क होता, उजव्या कानातून रक्त येत होतं आणि त्या गृहस्थांचा हात तिच्या डोक्यावर होता. सर्दी असताना उडायचं नसतं, ती बदलीला कुणी नाही म्हणून गेली होती. उजवा कान गेला तो गेलाच.

चौकशीत ती म्हणाली, मला वाटतं मीच त्यांना मास्क लावला. अधिकाऱ्यानं विचारलं, वाटतं की आठवतं? आता दुसरं कुणी असतं तर 'आठवतं' म्हणून मोकळं झालं असतं. पण हवा कमी असतानाची आठवण दगा देते, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं, आणि तिचा त्या शिकवणीवर विश्वास होता. तिनं 'वाटतं' एवढंच लिहून दिलं. चौकशी संपेपर्यंत प्रवाशांबद्दल बाहेर बोलायचं नाही अशी सूचना मिळाली. बाबांना कसलीच सूचना नव्हती आणि कसलीच शंकाही नव्हती. विमानातून उतरल्या उतरल्या त्यांनी कॅमेऱ्यांपुढे सांगितलं की मी मास्क लावलाच नाही, मी सगळ्यांसाठी श्वास घेत होतो, आणि ती बिचारी मुलगी माझ्या पायाशी पडली तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिचे प्राण परत आणले.

मग ते महिने. सोबतच्या मुलींचे निरोप आधी रोज यायचे, मग आठवड्याला, मग वाढदिवसाला. त्या आकाशात होत्या, ही जमिनीवर. चारचौघांत गेलं की उजवीकडचं माणूस काय बोलतंय ते कळायचं नाही. ती नुसती हसायची, आणि हसायची वेळ चुकली की लोकांच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. हळूहळू तिनं जाणंच सोडलं. कपाटाच्या दाराला गणवेश इस्त्री करून टांगलेला होता, त्याच्यावरून ती रोज फडकं फिरवायची. आपण एकट्या पडलो आहोत हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. अर्धं जग गप्प झालं होतं आणि उरलेलं अर्धं श्वासबाबांचं नाव घेत होतं.

आईचं निराळंच. आईनं आयुष्यभर शिवणकाम केलं, लोकांच्या पँटी आखूड केल्या, झिपा बदलल्या. म्हातारपणी फुप्फुसं कडक झाली. छातीच्या डॉक्टरांनी घरी यंत्र बसवायला लावलं. ते हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून नाकाला पुरवतं, दिवसाचे सोळा तास. ती लांबलचक नळी मागे ओढत आई घरभर फिरायची आणि म्हणायची, मी आता मशीनला लावलेलं रीळ आहे. तिच्याकडेही कुणी फिरकत नव्हतं. मग ती बाबांचे आभार मानायला म्हणून हॉलमध्ये गेली, आणि तिथे तिला पहिल्या रांगेत बसवलं. 'वाचलेल्या मुलीची आई.' बायका हात धरायला लागल्या, घरी येऊन बसायला लागल्या. लेकीनं एकदोनदा तोंड उघडलं, पण आईचा उजळलेला चेहरा बघून पुन्हा मिटलं. ती तिची चूकच झाली.

कारण एक दिवस यंत्राची जाळी धुवायला काढताना तिचा हात यंत्रावर टेकला. यंत्र थंडगार. ते बोळात, लेकीच्या खुर्चीच्या उजव्या हाताला असायचं. आईच्या नाकात नळी होती, समोर टीव्ही चालू होता, सगळं नेहमीसारखं दिसत होतं, आणि यंत्राची घरघर बंद होती. तिच्या त्या कानाला ती घरघर कधी ऐकूच येत नव्हती.

तिनं विचारलं, किती दिवस झाले. आईनं बोटं मोजली आणि म्हणाली, नऊ. रोज थोडा थोडा वेळ बाबांच्या श्वासावर राहायचं, असं ठरलंय.

"आई, तुझे ओठ बघ आरशात. त्या माणसाचे असेच झाले होते."

"त्या माणसाने तुझ्या डोक्यावर हात ठेवला म्हणून तू आज मला ओरडायला शिल्लक आहेस," आई म्हणाली. "ठमे, तू गेली असतीस तर मी या यंत्राचं काय केलं असतं? त्यांनी एवढं दिलं, आता ते म्हणतात नळी सोड, तर मी नाही म्हणू?"

लेक पुन्हा सांगायला लागली की मास्क मीच लावला, आणि आईनं अधिकाऱ्याचाच प्रश्न विचारला, आठवतं का तुला? दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बोटाला लावायच्या चिमट्यावरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की यंत्र लागलंच पाहिजे, आणि असे पाच-सहा रविवार गेले तर मला फोन करायची गरज उरणार नाही. म्हणून आज ती सिलिंडर खांद्याला अडकवून आली होती.

बाबांनी आईचं नाव पुकारताच लेक त्या अरुंद वाटेनं पुढे निघाली. विमानातल्या त्याच चालीनं, दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांना हाताचा आधार घेत. लोकांनी तिला ओळखलं आणि कुजबुज झाली, तीच ती. बाबांनी हात पसरले. "ये मुली. तुझा पुनर्जन्म झाला त्या जागेशेजारूनच आलीस."

ती म्हणाली, मला वाद घालायचा नाही. फक्त हा चिमटा आईच्या बोटाला राहू दे. तुमचा श्वास तिला पोचला तर आकडा वर जाईल. बाबा मनमोकळे हसले, यंत्राला श्रद्धा नसते म्हणाले, पण परवानगी दिली. दांडीवरून मास्क खाली घेतला आणि स्वतःच्या हातानं आईच्या तोंडाला लावून इलॅस्टिक डोक्यामागे सरकवलं. पिशवी फुगली. चिमट्यावर चौऱ्याऐंशी. मग ब्याऐंशी. मग एक्क्याऐंशी.

तिनं तो आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. तिला वाटलं, आता तरी कळेल. बाबांनी क्षणभर विचार केला आणि शांतपणे लोकांना समजावलं की हा देहाचा अहंकार खाली येतोय, शून्यापर्यंत यायला हवा. आणि लोकांनी माना डोलावल्या. एका आजोबांनी तर टाळी वाजवली. त्या क्षणी विमानवालीला जेवढं एकटं वाटलं, तेवढं त्या चार महिन्यांतही वाटलं नव्हतं. तीनशे माणसं समोर बसून तिची आई गुदमरताना बघत होती आणि आनंदात होती.

तिनं सिलिंडरची नळी पुढे केली. आईनं मान हलवून नको म्हटलं. डोळे मिटले, हात डोक्यामागे नेला आणि सैल झालेलं इलॅस्टिक घट्ट करायला म्हणून चाचपलं. तिथे तिची बोटं थांबली. पुढे गेली, मागे आली, पुन्हा तिथेच थांबली. मग आईनं मास्क उतरवला, इलॅस्टिक चष्म्याजवळ धरलं आणि अंगठ्याच्या नखानं एक जागा उचकटून पाहिली.

"ठमे," ती म्हणाली, "हा टाका माझा आहे."

बाबा म्हणाले, माउलींना भ्रम होतोय. आईनं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. हिरवा दोरा, उलटा टाका, शेवटी दुहेरी गाठ. गेल्या वर्षी लेकीनं हा मास्क आणून दिला होता दुरुस्तीला. सुईत तेव्हा हिरवा दोरा होता, लेक म्हणाली होती पांढरा लाव, आणि आई म्हणाली होती, तुझ्याकडे बघतंच कोण, सगळे आपापल्या फोनमध्ये असतात.

विमानवालीनं मास्क हातात घेतला. हा तिचाच होता. उड्डाणाआधी वाटेत उभं राहून लोकांना दाखवायचा. छतातला खरा मास्क नव्हे. पिशवीच्या मागच्या बाजूला बाबांचं चित्र चिकटवलेलं होतं. तिनं ते नखानं सोलून काढलं. खाली ठळक अक्षरं होती, तिनं ती लोकांकडे फिरवली आणि पहिल्या रांगेतल्या टाळी वाजवणाऱ्या आजोबांना वाचायला सांगितली. आजोबांनी चष्मा पुसला आणि वाचलं, "फक्त प्रात्यक्षिकासाठी."

"या मास्कमध्ये ऑक्सिजन कधी आलाच नाही," ती म्हणाली. "येऊ शकतच नाही. याची नळी कशालाच जोडलेली नसते."

आई धापा टाकत होती, पण तिची नजर नळीवर होती. शिवणकाम करणाऱ्या बाईला दोऱ्याचं एक टोक दाखवून चालत नाही. तिनं विचारलं, "मग या नळीचं दुसरं टोक कुठं जातंय?"

लेकीनं नळी ओढली. दांडीवरून ती सरसरत आली, मग अडली. तिनं आणखी जोर लावला. पडदा पुढे आला, दांडीसकट खाली पडला, आणि मागे स्टुलावर बसलेला एक माणूस दिसला, पायाखाली हवा भरायचा पंप. पाय अजून पंपावरच होता. पडदा पडलेला त्याच्या लक्षात यायच्या आत त्यानं आणखी एकदा दाबला, आणि तिच्या हातातली पिशवी सगळ्यांच्या देखत टम्म फुगली. कुणीतरी फसकन हसलं.

तो बाबांचा शिष्य. आधी त्याचं टायरचं दुकान होतं, म्हणून हॉलमध्ये त्याला टायरवाला म्हणत. बाबांची बॅग उचलायला तो त्या दिवशी विमानात त्यांच्या शेजारी, मधल्या जागेवर होता. बाबा गरजले, हा कसला पंप आणलास, कुणी सांगितलं तुला? टायरवाला उभा राहिला. पंपाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि ज्या आवाजात माणूस खूप दिवसांचं ओझं खाली ठेवतो त्या आवाजात बोलला.

"तुम्हीच सांगितलं, बाबा. आठवण म्हणून मास्क घे म्हणालात. वरचा ओढून तुटेना, मग दाराजवळच्या पिशवीतला उचलला. मला काय माहीत तो दाखवायचा आहे." मग तो विमानवालीकडे वळला. "ताई, बाबांना मास्क तुम्हीच लावला. मी बघितलं. तुमचा लावायच्या आत तुम्ही खाली पडलात. सीटा तीन होत्या आणि वरून मास्क चार लोंबत होते. चौथा मी तुम्हाला लावला."

विमानवालीनं विचारलं, कसं सुचलं तुम्हाला? तो ओशाळला. पहिल्यांदाच विमानात बसलो होतो, म्हणाला, फार भीती वाटत होती, म्हणून तुम्ही सुरुवातीला जे सांगता ते सगळं नीट ऐकलं. मग इतके दिवस बोलला का नाहीत? त्यावर तो म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही."

म्हणजे तिला आठवत होतं. वाटत नव्हतं, आठवत होतं. पण रडायला वेळ नव्हता. आई खुर्चीवर कलंडत होती. लेकीनं सिलिंडर उघडलं आणि नळी पुढे केली. आईनं या वेळी ती स्वतः ओढून घेतली, स्वतःच्या नाकात नीट बसवली, दोन श्वास घेतले, आणि मगच लेकीचा हात धरून तिला शेजारी बसवलं. चिमट्यावरचा आकडा चढायला लागला. पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव. हॉलमध्ये आता कुणी फुसफुसत नव्हतं. सगळे तो आकडा ऐकत होते.

बाबा कुठल्या दारानं गेले ते कुणी पाहिलं नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवी: त्या दिवशी विमानात त्यांना खरोखरच सगळं सुंदर दिसलं असेल. गुदमरणाऱ्याला दिसतं तसं. पण नंतरच्या चार महिन्यांत त्यांना श्वास पुरत होता, आणि पंप त्यांनी तेव्हा मागवला.

रडणाऱ्या बाईंनी विचारलं, पण माझ्या हाताला मुंग्या आल्या त्या? विमानवालीनं त्यांना बाबांशिवाय अर्धा मिनिट तसाच जोरजोरात श्वास घ्यायला सांगितला. त्यांनी घेतला, बोटांकडे बघितलं आणि खाली बसल्या. मुंग्या आल्या होत्या. घाईघाईनं श्वास घेतला की कुणालाही येतात, ती म्हणाली, त्यात दुसऱ्या कुणाचा प्राण नसतो. काही लोक तिच्याभोवती जमले, काही न बोलता उठून गेले, आणि चार-पाच जण त्या निळ्या कापडाच्या खुर्चीपाशी हात जोडून उभेच राहिले. त्यांनाही तिनं एवढंच सांगितलं, की विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण त्याआधी एकदा उठून पडद्यामागे जाऊन या.

घरी पोचायला दुपार झाली. यंत्र सुरू करण्याआधी आईनं ते बोळातून ढकलत लेकीच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला आणून ठेवलं. मग कळ दाबली. चार महिन्यांत पहिल्यांदा विमानवालीला ती घरघर ऐकू आली.

"मी कधी विमानात बसले नाही," आई म्हणाली. "तू तिथं उभी राहून काय करतेस, ते एकदा दाखव."

मास्क पर्समध्येच होता. विमानवाली स्वयंपाकघर आणि खोली यांच्या मधल्या वाटेत उभी राहिली, पाठ सरळ केली. सुरुवातीला आवाज कापला, मग सापडला. मास्क ओढा, नाक-तोंडावर लावा, इलॅस्टिक असं मागे न्या. पिशवी फुगली नाही तरी प्राणवायू येत असतो. अकरा वर्षांत इतकं लक्ष देऊन कुणी बघितलं नव्हतं. समोर एकच प्रवासी होता, नाकात नळी घातलेला, आणि तो पापणीसुद्धा हलवत नव्हता.

"आधी स्वतःचा मास्क लावा," ती म्हणाली, "मग शेजारच्याला मदत करा."

आई म्हणाली, "हेच विसरलीस ना त्या दिवशी?"

"हो."

"मी पण तेच विसरले होते. माझ्यावरच गेली आहेस."

मग दोघी हसल्या आणि हसता हसता लेकीला रडू फुटलं, ते चार महिन्यांचं रडू आईनं थांबवलं नाही. तेव्हापासून आईकडे कुणी नवा बाबा, नवा अंगारा, नवी जादूची गोळी घेऊन आलं की ती आदरानं बसवते, सगळं ऐकून घेते, आणि शेवटी एकच विचारते, याचं दुसरं टोक कुठं जातं ते दाखवता का? तुम्हीही विचारा. विचारायला शिक्षण लागत नाही, धाडससुद्धा फार लागत नाही. खरं असेल ते विचारल्यानं मोडत नाही. आईच्या नळीचं दुसरं टोक त्या यंत्राला आहे, कुणीही येऊन बघावं, ते झाकायला पडदा लावलेला नाही.